सहा तासांची चीर

कट्.

दुपारच्या सामसूम घरात अडकित्ता मिटला आणि वृंदाचा हात आपोआप जुईच्या पाठीवर गेला. पोरीने कूस बदलली, एकदा ओठ चाटले आणि पुन्हा झोपली.

“नाना, ओटीवर बसून कातरा की.”

“ओटीवर ऊन आहे,” सासरे म्हणाले. “आणि माझ्या सुपारीने नाही उठत ती. तुझ्या उसाशाने उठेल. जेवल्यापासून पाचवा सोडलास.”

नानांनी तीस वर्षं पडवणच्या खाडीत होडी चालवली होती. पलीकडे जायचं तर नानांच्या होडीत बसायचं, नाहीतर चाळीस किलोमीटरचा वळसा घालायचा. अडीच वर्षांपूर्वी पूल झाला. नानांनी होडी विकली, गुडघ्यांना तेल चोळत घरी बसले आणि नातीला सांभाळण्याची नोकरी धरली. या नोकरीत मालकीण फार खडूस आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वृंदाचा नवरा संकेत जहाजावर असे, आठ महिने पाण्यात आणि चार महिने घरी. त्यामुळे घर म्हणजे हे तिघंच.

वृंदाच्या मांडीवर जुईचा जुना खाऊचा डबा होता. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले पोलादाचे चार तुकडे. शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघताना तिने ते डब्यात टाकले होते. दोन ठोकळे, मधोमध तुटलेले. तुटलेला भाग खिडकीकडे धरून ती भिंगातून पाहत होती. किती वेळा पाहिलं तरी दिसायचं तेच दिसत होतं.

“काय ते एवढं बघण्यासारखं?” नानांनी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे बरंच काही.”

खाडीपलीकडच्या एमआयडीसीत धातूंची तपासणी करणारी प्रयोगशाळा होती. वृंदा तिथे दहा वर्षं काम करत होती. लोकांना वाटे, ती लोखंड किती मजबूत आहे ते बघते. ते काम दुसऱ्यांचं. वृंदाचं काम होतं, त्याच लोखंडात चीर पडली तर ते किती सोसेल हे बघण्याचं. कापडवाला ताग्याला नुसता हिसका देत बसत नाही. काठाला कात्रीने इवलासा काप देतो आणि मग टर्रकन फाडतो. धातूचंही तसंच. कितीही दणकट असला तरी त्याला एक बारीक काप मिळाला की सगळा ताण त्या कापाच्या टोकाशी गोळा होतो. म्हणून ठोकळ्यात मुद्दाम खाच पाडायची, तो ओढून तोडायचा आणि किती ओढीला तुटला ते लिहायचं.

पण खाच करवतीची असो की तारेची, तिचं टोक भिंगाखाली गोलच दिसतं. आणि गोल टोकाशी ताण पसरतो, धातू फुकटचा शूर वाटतो. खऱ्या पुलात पडणारी चीर तशी नसते, तिचं टोक कणांच्या दोन ओळींमध्ये घुसलेलं असतं. म्हणून जुनी पद्धत अशी होती की खाच पाडल्यावर ठोकळा यंत्रात लावायचा आणि हलक्या हाताने ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा, लाखो वेळा. कधीतरी खाचेच्या टोकातून केसाएवढी खरी चीर आपणहून निघते. एका ठोकळ्याला सहा तास. मग ठोकळा तोडायचा आणि ती चीर किती आत गेली होती ते सूक्ष्मदर्शकाखाली नऊ जागी मोजायचं. खरी चीर कधी सरळ नसते. मध्ये पुढे गेलेली, कडांना मागे राहिलेली, नखाच्या मुळाशी असते त्या पांढऱ्या चंद्रासारखी. नऊ जागी नऊ आकडे.

सहा वर्षांपूर्वी ‘सुई’ आली. लेझरचं यंत्र होतं ते. कंपनीने दिलेलं लांबलचक नाव कुणी घेत नसे. सुई चाळीस सेकंदांत खाचेचं टोक इतकं अणकुचीदार करायची की सहा तासांची गरजच उरली नाही. नऊ आकडेही आपोआप भरले जायचे, नऊच्या नऊ सारखे. जुन्या पोलादांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या होत्या, उत्तर एकच आलं होतं. वृंदाने त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. वर्षभरात जुई झाली आणि सुईने आपल्याला आपली पोर दिली, असंच तिला वाटत राहिलं. पाच वाजता ती घरी असायची. जुईच्या प्रत्येक संध्याकाळी ती होती.

मग गुरुवारी सुई बंद पडली.

नव्या पोलादाचे नमुने तातडीचे होते, म्हणून वृंदाने धूळ झटकून जुनं यंत्र लावलं. हे पोलाद नव्या जातीचं, मँगनीज भरपूर, खाऱ्या हवेला दाद न देणारं. किनाऱ्यावरचे सगळे नवे पूल त्याचेच. सुईवर त्याचा चिवटपणाचा आकडा नेहमी एकशे चाळीसच्या आसपास यायचा. शुक्रवारी जुन्या पद्धतीने आला शहाऐंशी. नमुना खराब असेल, म्हणून शनिवारी दुसरा केला. चौऱ्याऐंशी.

आणि तेव्हा तिला तो आधीचा नमुना आठवला.

* * *

“पेढे दिले होतेस मला,” परकारचाचा म्हणाले. “चांगले होते. कंदी.”

संध्याकाळी ती जुईला स्कूटरवर घेऊन त्यांच्याकडे गेली होती. इस्माईल परकार निवृत्त होईपर्यंत त्याच प्रयोगशाळेत तीस वर्षं होते. खाच कशी पाडायची, चीर कशी वाचायची, सगळं तिला त्यांनीच शिकवलं. यंत्रांच्या धडधडीने त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे ते मोठ्याने बोलत. अंगणात त्यांनी तुकडे उजेडाला धरले. दोन ठोकळे तिने शुक्रवारी आणि शनिवारी तोडलेले. तिसरा, त्याच पोलादाचा पण सुईवरचा, तिच्या पर्समध्ये निघाला. कुलूपकिल्लीला अडकवायला म्हणून कधीतरी घरी आणलेला.

“या दोन्हींत खरी चीर आहे. चंद्र बघ कसा आलाय. आणि ही...” त्यांनी सुईवरचा तुकडा तिरपा केला. “ही चीर नाही बेटा. ही नुसती शहाणी खाच आहे.”

“टोक तर बारीक आहे, चाचा.”

“बारीक आहे. पण टोकाशी ही चकाकी बघ. वितळून थिजलंय. जुन्या पोलादात असं थिजलेलं कडक व्हायचं, लगेच तडकायचं, म्हणून तुझं गणित जुळलं. हे मँगनीजवालं थिजलं की मऊ राहतं. लोण्याचा पापुद्रा. चीर पुढे जायला बघते आणि लोण्यात रुतते.” ते हसले. “आमच्या ट्रॉलरच्या पत्र्याला चीर पडली की वेल्डर काय करतो? टोकाशी भोक पाडतो. चीर तिथेच थांबते. तुझी सुई प्रत्येक नमुन्यात तेवढं भोक पाडून देते, आणि तू लिहितेस, पोलाद काय चिवट!”

जुई चाचांच्या कोंबड्यांमागे धावत होती. वृंदाने पायरीवर बसून मनातल्या मनात हिशेब केला.

पडवणच्या पुलाच्या पोटाला तीनशे ‘कान’ चिकटवलेले होते. आत कुठे चीर वाढू लागली की ते ऐकायचे आणि कार्यालयात कळवायचे. पण चीर दोन सेंटिमीटरची झाल्याशिवाय ती त्यांना ऐकू येत नसे. चालून गेलं, कारण एकशे चाळीसच्या हिशेबाने पूल चार सेंटिमीटरची चीरही सोसणार होता. मात्र आकडा निम्म्याला आला की सोसण्याची चीर निम्मी होत नाही, पाव होते. पंच्याऐंशीच्या हिशेबाने पूल दीड सेंटिमीटरलाच हात टेकणार होता.

म्हणजे कान जागे होतील तेव्हा पूल उरलेला नसेल.

“चाचा, नव्या पोलादासाठी पाच नमुने जुन्या पद्धतीने करून ताडून बघायचे होते. नियमच होता. मी एकच केला.”

“आणि?”

“सत्त्याऐंशी आला. पण चीर तिरकी गेली होती, नियमाने बाद. दुसरा लावला होता, तेवढ्यात धक्क्यावरून नानांचा फोन आला. जुई चार महिन्यांची, शेजारणीपाशी ठेवलेली. बाटलीला तोंड लावेना, दोन तास रडत होती. माझा ड्रेस दुधाने भिजलेला. खातू सर म्हणाले, राहू दे, जुन्या पोलादाचे आकडे आहेत ना, जा घरी. मी लिहिलं, ‘तुलना समाधानकारक’ आणि पळाले.”

 चाचांनी तुकडे पुसून, पुन्हा फडक्यात बांधून तिच्या हातात दिले.

“पोरीला दूध मिळालं ना?”

“मिळालं.”

“ते बरं झालं. आता बाकीचं कर.”

* * *

सोमवारी सकाळी जुई दप्तर घेऊन स्कूटरपाशी उभी राहिली. ती मोठ्या गटात होती, बालवाडी पलीकडच्या गावात.

“आज शाळा नाही,” वृंदा म्हणाली.

“आहे. आज मातीचे लाडू करणार आहेत.”

“आज नाही जायचं, जुई.”

नानांनी ओटीवरून पाहिलं. नातीला हात केला. “ये गं. मातीचे कशाला, आपण खरे करू. तू वळ, मी खातो.”

वृंदा एकटी निघाली. पूल तीनशे मीटरचा. रोज त्यावरून जाताना ती खाडीतली बगळ्यांची रांग जुईला दाखवायची. आज तिला फक्त चाकाखालचे सांधे कळत होते, धड, धड, धड. मधोमध आली आणि मागून शाळेची पिवळी बस तिच्या शेजारून पुढे गेली. खिडकीतून शिंद्यांच्या जुळ्यांनी हात हलवला. एकाने जीभ काढली.

तिने हात हलवला नाही. तिचे दोन्ही हात स्कूटरच्या मुठींना घट्ट धरून राहिले. आपली पोर घरी ठेवून आपण निघालो, आणि या बसमध्ये एकोणीस पोरं आहेत. बस पलीकडच्या टोकाला उतरेपर्यंत तिने तिच्यावरची नजर हलवली नाही.

खातू सर नुकते येऊन चहा घेत होते. प्रयोगशाळा त्यांनी उभी केली होती, एका शेडमधून. तुकडे, आकडे, सगळं त्यांच्या टेबलावर मांडून वृंदा उभी राहिली.

“दोन नमुने, मॅडम,” ते म्हणाले. “दोन नमुन्यांवर तुम्ही पूल बंद करायला निघालात?”

“सर, आपण एकाही नमुन्याशिवाय चालू केला होता.”

त्यांनी कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला, तो ते बोटाने पसरवत राहिले.

“त्या दिवशी मीच तुम्हाला घरी पाठवलं होतं.”

“आठवतं, सर. म्हणून आधी तुमच्याकडेच आले.”

“मला वाटलं होतं मी चांगुलपणा केला.”

“चांगुलपणाच होता. तोच तर घोळ आहे.”

खातू सर हसले, आणि हसताना एकदम म्हातारे दिसले. “सही माझीसुद्धा आहे हं. आणि या पोलादाला सुई चालते म्हणून आपलं पत्र दाखवून बाकीच्या प्रयोगशाळांनीही तीच वापरली. किती बांधकामं असतील?”

“मी शोधलं. त्रेचाळीस.”

“टाळं लागेल इथे.”

“लागू शकतं.”

“तुमची नोकरी जाईल. हा पूल तुमच्याच गावाला हवा होता ना? तुमचे सासरे उपोषणाला बसले होते पुलासाठी, स्वतःची होडी बुडणार हे माहीत असून. गावात राहू देतील तुम्हाला?”

वृंदाला हे सगळं माहीत होतं. रात्रभर तिने हेच उलटसुलट करून पाहिलं होतं. तरी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिचे डोळे भरले, आणि तिला स्वतःचाच राग आला.

“सर, आज मी जुईला घरी ठेवून आले.”

खातू सरांनी तिच्याकडे पाहिलं. बशी बाजूला सारली. मग फोन उचलून पुलाच्या अभियंत्यांचा नंबर लावला.

* * *

अभियंत्यांनी सोमवारीच बस आणि ट्रक थांबवले, आणि बाकी बंद करायला आणखी तीन नमुने मागितले. वृंदा तीन दिवस जुन्या यंत्रापाशी बसली. ओढ, सोड, ओढ, सोड. तीन दिवस जुईला तिने फक्त झोपलेली पाहिली. पंच्याऐंशी, त्र्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. गुरुवारी दुपारी पुलाच्या दोन्ही टोकांना पिंपं लागली.

गावाने चार दिवस कळ काढली. मग धक्क्यावर बोलणी सुरू झाली. कॉलेजच्या पोरांना वळसा पडला, मासळीच्या टोपल्या अडकल्या. ग्रामपंचायतीने भाड्याची होडी आणली, पण प्रवाह ओळखणारं माणूस एकच होतं. नाना गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा सुकाणूवर बसले.

“झकास आहे,” बाजारातली यमुना भडवळकर टोपली होडीत ठेवता ठेवता म्हणाली. “सून पूल मोडते, सासरा होडी हाकतो. घरबसल्या जमवलंत, नाना.”

वृंदा त्याच होडीत बसली होती. तिने मान खाली घातली.

“जमवलं खरं,” नाना म्हणाले. “पण गुडघ्यांना विचारायचं राहिलं. यमुने, पुढे सरक, तू बसलीस की होडी वाकडी होते.”

होडीत हशा झाला. यमुनाही हसली, मग थांबली. “पण नाना, खरंच पडला असता?”

नानांनी सुनेकडे पाहिलं. तिला बोलायचं असेल तर बोलू दे, अशा बेताने.

“माहीत नाही, मावशी,” वृंदा म्हणाली. “पडला असता तर आधी कळलं नसतं, एवढं माहीत आहे.”

अठराव्या दिवशी तपासणीवाल्यांना तिसऱ्या खांबाजवळच्या सांध्यात चीर सापडली. अकरा मिलिमीटर. कानांना ऐकू न येणारी, आणि पंधराच्या फार जवळ. यमुनेने त्या संध्याकाळी घरी सहा बांगडे पाठवले, निरोप न देता.

नोकरी गेली नाही. झालं ते वेगळंच. त्रेचाळीस बांधकामांचं पोलाद पुन्हा जुन्या पद्धतीने तपासायचं ठरलं आणि शोधाशोध झाली, तेव्हा कळलं की सहा तासांची चीर काढणारी, तिचा चंद्र नऊ जागी वाचणारी माणसं राज्यात फारशी उरलीच नाहीत. सुईने सगळ्यांनाच घरी लवकर पाठवलं होतं. खातू सरांनी कागद पुढे केला तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “नाही म्हणालात तरी मी समजेन.” घाटावरच्या प्रयोगशाळेत सात महिने, दिवसाला दोन नमुने, पंधरवड्याला एक रविवार घरी. चोवीस मुलांना हे काम शिकवायचंही होतं. चाचांनी आठवड्यातून एकदा यायचं कबूल केलं, एका अटीवर: पेढे नकोत, बिर्याणी.

वृंदाने सही केली. ही दुसरी सही तिने नीट वाचून केली.

* * *

निघायच्या सकाळी जुई हट्टाने होडीत आली. नारिंगी जॅकेट तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. पूल डाव्या हाताला रिकामा उभा होता आणि त्याच्या कठड्यावर बगळे बसले होते.

“आई, पुलाला बाऊ झालाय ना?”

“हो.”

“कुणी केला?”

नानांनी इंजिनाचा आवाज थोडा कमी केला. वृंदाने जुईला जवळ ओढलं. खोटं सांगायला सोपं होतं, पण खोट्याला आता तिच्यापाशी जागा उरली नव्हती.

“तू एवढीशी होतीस. मी पलीकडे कामाला गेले होते, पुलाचं लोखंड बघायला. आणि तुला भूक लागली. बाटलीने पिईनास. खूप रडलीस.”

“मला तू पायजे होतीस.”

“हो. म्हणून मी काम अर्धं टाकलं आणि आले.”

“पळत?”

“पळत धक्क्यापर्यंत. तिथून नानांच्या होडीतून. पूल नव्हता ना तेव्हा.”

“मी आणलं तिला,” नाना पाण्याकडे बघत म्हणाले. “इतकी जोरात होडी मी कधी हाकली नाही.”

“मग मी रडायची थांबले?”

“लगेच.”

जुईला ती गोष्ट आवडली. तिने ती मनात एकदा सगळी फिरवून पाहिली असावी, कारण बराच वेळ ती जॅकेटच्या दोरीची गाठ चोखत होती. पलीकडचा धक्का जवळ आला. वर रस्त्यावर गाडी उभी होती. नानांनी इंजिन बंद केलं आणि होडी आपल्याच वेगाने, आवाज न करता पायऱ्यांना लागली.

“अर्धं राहिलेलं काम आता करायला चाललीस?”

“हो, राणी.”

वृंदाने पिशवी खांद्याला लावली, एक पाय ओल्या पायरीवर ठेवला. जुईने तिची ओढणी धरून ठेवली होती. ओढत नव्हती, नुसती धरली होती.

“आई, आता मी रडले तर येशील?”